आगोट, सुकट आणि तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी सहज दोन ओळी टाकल्या होत्या की आगोटीची खरेदी चालू झालीय, सुकटीबद्दल, म्हणजे सुक्या मासळीबद्दल, काय विचारायचं असेल तर विचारा. तर मेसेज एवढे आले की नेहमीचे त्वचा-केस-कुंड्यावाले प्रश्न या वेळी बाजूला ठेवलेत, रागावू नका. तिघांनी तर आगोट म्हणजे काय हेच विचारलंय. आपल्या ठाणे-रायगडच्या पट्ट्यात पाऊस लागायच्या आत घरात जे भरून ठेवतात ना, वर्षाचा मसाला, कांद्याच्या माळा, सुकी मासळी, त्याला आगोट म्हणतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्याला, मग ते दोन महिने डब्यातलं म्हावरं, म्हणजे मासळी.

आई म्हणायची सुकट म्हणजे गरिबाचं खाणं. आता परवा बाजारात सोड्यांचा भाव ऐकला आणि परत पिशवी घडी करून घरी आले. त्यापेक्षा चिकन परवडतं की. स्वस्त स्वस्त म्हणतात ते नक्की कुठे आहे? (घणसोली)

ताई, तुम्ही सोड्यांकडे गेलात तिथेच गडबड झाली. सोडे म्हणजे सोललेली कोळंबी सुकवलेली, आधीच कोळंबी महाग, त्यात सोलायची मजुरी, त्यात सुकल्यावर वजन पार उतरतं, तर ते सुक्या मासळीतले काजू आहेत असं समजा. ते कधीच गरिबाचं खाणं नव्हतं, आमच्या सासूबाई सोडे फक्त जावई येणार असेल तर काढायच्या आणि मोजून काढायच्या. गरिबाचं खाणं म्हणजे जवळा (तो कोळंबीसारखा दिसणारा बारीक), छोटे बोंबील, मांदेली, वाकट्या. नावं सगळी सुक्या मासळीच्या एकाच टोपलीत येतात म्हणून भाव पण एकच वाटतो.

आता हिशोब. यंदा मी जवळा घेतला तीनशे रुपये किलोच्या आसपास, बोंबील सातशेने, सोडे अठराशे सांगत होती ते घेतले नाहीत. तुमच्या बाजारात थोडं इकडेतिकडे असेल. किलोचा भाव ऐकला की छातीत धस्स होतं पण सुकट कोण किलोने खातं? चार माणसांच्या भाजीला एक मूठ जवळा लागतो, मी काट्यावर टाकून बघितला, माझी मूठ पंचवीस ग्रॅमची. म्हणजे पाव किलोत दहा वेळा भाजी, एका वेळचे साडेसात रुपये. त्यात घोसाळं घाला, भोपळा घाला, वांगं घाला, नाहीतर नुसता कांदा आणि कैरी, भाकरी दोन जास्त जातात एवढंच. आणि हाच हिशोब सोड्यांना लावून बघा, वांगं-बटाट्यात दहा-बारा सोडे टाकले की वीस ग्रॅम होतात, छत्तीस रुपये. चार माणसांना छत्तीस रुपयात चिकन कोण देतं मला पण पत्ता द्या.

म्हणजे सुकी मासळी ताटाच्या हिशोबाने मोजायची. ओल्या बोंबलात बहुतेक पाणीच असतं, ते उन्हात गेलं की उरतं ते सगळं खायचंच. १०० ग्रॅम सुक्या बोंबलात ६० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, एका अंड्यात सहा, बाकी तुम्ही हुशार आहात. वर काट्यासकट खाल्ला जातो म्हणून कॅल्शियम वेगळं मिळतं.

महाग पडतं ते चुकीच्या वेळी घेतल्यामुळे. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात सगळं ठाणे एकदम जागं होतं आणि पिशव्या घेऊन धावतं, तेव्हा भाव चढणारच. होळीनंतर ऊन तापलं की माल चांगला सुकलेला असतो आणि गर्दी नसते, तेव्हा घ्या. अजून एक, टोपलीच्या तळाला मोडलेल्या बोंबलांचा चुरा असतो, तो वेगळा मागितला की बराच कमी दरात देतात. चटणीला तुटलेला काय आणि अख्खा काय.

सुकट घेताना चांगली-वाईट कशी ओळखायची? मला प्रत्येक वेळी फसवतात. (ठाणे पश्चिम)

दिवाळे गावच्या बाजारात एक मावशी बसते, तिच्याकडे मी पहिल्यांदा गेले तेव्हा लांबून बोट दाखवून भाव विचारत होते. ती म्हणाली, "बाय, हातान घेऊन बघ, डोल्यांनी काय समजतंय." तेच तुम्हाला सांगते. जवळा मुठीत घट्ट दाबा आणि मूठ उघडा. मोकळा सुटून पडला तर कोरडा. गोळा होऊन राहिला तर ओलसर आहे, तुम्ही पाण्याचे पैसे देताय आणि आठवड्यात बुरशी येणार. बोंबील मधे वाकवा, कटकन मोडला पाहिजे, चामड्यासारखा वाकत राहिला तर ठेवून द्या. रंग फिकट हवा. पिवळट-नारिंगी तेलकट दिसला आणि जुन्या तेलाच्या डब्यासारखा वास आला तर तो मागच्या सीझनचा. सोडे फारच लालभडक वाटले तर एक घेऊन पाण्यात टाकून दाखवायला सांगा, रंग पाण्यात उतरला तर समजायचं. विकणारी चिडली तर दुसरीकडे जायचं. चांगला माल असलेली चिडत नाही, उलट हातात देते.

जवळा म्हणजे कोळंबीची पिल्लं ना? मग ती खाऊन आपण समुद्रातली कोळंबी संपवतोय असं माझी मुलगी म्हणते आणि जेवत नाही. (कळवा)

मुलीला सांगा, काळजी चांगली आहे पण पिल्लं चुकीची धरलीत. जवळा ही वेगळीच जात आहे, पूर्ण वाढून म्हातारा झाला तरी फार तर तीन-चार सेंटीमीटर. तो कोळंबी होत नाही, तसा उंदीर मोठा होऊन ससा होत नाही. गंमत म्हणजे बोंबील स्वतः जवळाच खातो, म्हणजे तुमच्या ताटात दोघं शेजारी आले तर ओळख जुनी आहे.

पण मुलीचं सगळंच चूक नाही हं. जवळा आणि बोंबील दोन्ही डोलीत येतात. डोल म्हणजे मोठ्ठं पिशवीसारखं जाळं, भरती-ओहोटीच्या ओढीसमोर तोंड करून बांधून ठेवायचं, पाणी वाहत येतं आणि जे येईल ते मागच्या बारीक भागात अडकतं. त्यात खरी पिल्लं पण येतात. जवळा निवडताना तुम्हाला त्यात नखाएवढी मांदेली, इवलासा खेकडा, असलं काय काय सापडतं ना, ते हेच. जाळ्याचा मागचा भाग किती बारीक असावा यावरून कोळीवाड्यात पण वाद होतात, तर मुलगी वाद घालते ते बरोबर जागी आहे, फक्त जेवून घाल म्हणावं.

आम्ही ऐरोलीत भाड्याने राहतो. मागच्या रविवारी बोंबील भाजले तर समोरच्यांनी ग्रुपवर मेसेज टाकला की कुठून तरी ड्रेनेज फुटलंय. कोणी केलंय ते सगळ्यांना माहिती होतं. मिस्टर म्हणतात बंदच कर. काय करू? (ऐरोली)

बंद करू नका. आधी माझं ऐका. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आम्ही पण भाड्याने राहायचो, तिसरा मजला, आणि पावसाळ्यात मी अंबाडीच्या भाजीत जवळा घातला होता. आधी तो तव्यावर भाजला, खिडकी बंद कारण पाऊस आत येत होता, सगळा वास बाथरूमच्या डक्टमधून वर गेला. पाचव्या मजल्यावरच्या बाईंनी वॉचमनला सांगितलं की डक्टमध्ये उंदीर मेलाय, शोध. वॉचमन महाडकडचा. तो प्रत्येक मजल्यावर नाक लावत लावत आमच्या दारात येऊन थांबला, बेल वाजवली, मी दार उघडलं तर टोपी काढून म्हणतो, "मॅडम, अंबाडीत घातलाय ना?" मी लाजेने काही बोलेना. खाली जाऊन त्याने रजिस्टरमध्ये लिहिलं, उंदीर सापडला नाही. दुसऱ्या दिवशी वाटीभर भाजी त्याला दिली, ती काही लाच नव्हती, उपकार होते.

तर वासाचं गणित असं आहे की सुक्या मासळीचा वास दोन वेळा उठतो, कोरडी भाजताना आणि गरम पाण्यात टाकल्यावर. फोडणीत पडल्यावर कांदा-लसूण-मसाला त्याला झाकतो. म्हणून भाजायचं काम सकाळी लवकर उरका, खिडकी उघडी, पंखा बाहेरच्या बाजूला, आणि बाथरूमचं दार बंद, हे विसरू नका, डक्ट हाच खरा चुगलखोर आहे. बोंबलाचं डोकं-शेपूट आधीच काढून पिशवीत बांधून लगेच खाली कचऱ्यात, घरातल्या डब्यात नाही. भिजवलेलं पाणी सिंकमध्ये ओतलं तर मागोमाग भरपूर पाणी सोडा. कालवणात कोकम किंवा चिंच सढळ हाताने, आंबटाने तो वास खरंच मरतो, मासळीतल्या ज्या पदार्थाचा तो वास असतो त्याला आंबट चालत नाही, आपल्या आज्या काय उगाच माशाला लिंबू-चिंच चोळायच्या का. ओटा पण शेवटी लिंबाच्या सालीने पुसून घ्या.

राहिला ग्रुपचा मेसेज. कोणी स्वतःच्या घरात काय शिजवायचं हे ठरवणारा नियम मी तरी कुठल्या सोसायटीच्या उपविधीत वाचलेला नाही. पण भाड्याचं घर आहे, मालकाशी बिघडवून घेऊ नका, भाजणं कमी करा आणि कालवण करा. कालवणाला भाजायची गरज नसते, गरम पाण्यात टाकून दोनदा धुतलं की झालं. आणि हो, ग्रुपवर उत्तर देऊ नका. ड्रेनेजवाला येऊन बघून जाईल, जाऊ दे.

डब्यात ठेवलेल्या बोंबलांना पावसाळ्यात पोरकिडे होतात, पावडर पडते. दरवर्षी अर्धे फेकते. (वर्तकनगर)

कीड घरात येत नाही, ती बहुतेक वेळा तुमच्याबरोबर बाजारातून पिशवीत येते. आणल्या दिवशी डब्यात भरायची घाई करू नका. दोन दिवस कडक ऊन द्या, वर जुनी ओढणी टाकून, कावळे आणि मांजर दोघांपासून. फ्लॅटला ऊन येत नसेल तर जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर कोरडं गरम करा, थंड होऊ द्या, पूर्ण थंड, नाहीतर डब्यात घाम धरतो. मग थोडं थोडं करून, एका वेळच्या भाजीएवढ्या पुड्या, आणि फ्रिजर. फ्रिजरमध्ये कीड टिकत नाही आणि वास पण बाहेर येत नाही, दोन झिपच्या पिशव्या एकात एक घातल्या तर बर्फाला पण कळत नाही. फ्रिजर छोटा असेल तर निदान सोडे आणि जवळा तिथे, बोंबील काचेच्या बरणीत. डांबराच्या गोळ्या कोणी ठेवायला सांगितल्या तर त्या माणसाकडे जेवायला जाऊ नका.

आम्ही मूळचे सातारचे, मार्केटला माथाडीत आयुष्य गेलं. गावी आठवडी बाजारात सुकट-बोंबील घ्यायचो, इकडे पण तेच. आता बीपी निघालं, डॉक्टर म्हणाले सुकं मच्छी बंद. सगळंच बंद का? (कोपरखैरणे)

दादा, डॉक्टरांना एक गोष्ट विचारून या, मीठ लावलेली का बिनमिठाची. सुकी मासळी दोन घरची आहे. खारा बांगडा, खारी सुरमई, मुशी, ढोमा, हे मिठात मुरवून सुकवतात, ते तुमच्यासाठी खरंच नको. बोंबील आणि जवळा साधारणपणे मीठ न लावता नुसत्या उन्हावर सुकवतात, त्यात मीठ त्या मानाने कमी असतं, पण काही ठिकाणी लावतात म्हणून घेताना एक तुकडा जिभेला लावून बघायचा. गरम पाण्यात दोन पाणी काढून घ्या आणि कालवणात वरून मीठ अर्धं करा. तरी शेवटचा शब्द डॉक्टरांचा. आणि युरिक अॅसिड वाढलेलं असेल, पायाचा अंगठा सुजतो तसलं, तर मात्र सुकट दूरच बरी.

मी बोंबील वाळताना बघितलेत, माशा, कुत्री, धूळ. त्यानंतर खायची इच्छाच गेली. (बेलापूर)

कुठे बघितलेत त्यावर आहे. बोंबील उत्तनला बघा, ते आपल्याच ठाणे जिल्ह्यात आहे. बांबूच्या उंच मांडवावर दोऱ्या बांधलेल्या असतात आणि दोन-दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून दोरीवर टांगतात. खिळा नाही, चिमटा नाही, बोंबलाचे दातच चिमटा. वारा खालून-वरून जातो, कुत्र्याचं तोंड पोचत नाही. बाया पहाटे ओले बोंबील घेऊन बसतात, हात एवढे भरभर चालतात की जबडे कधी अडकले ते दिसत नाही, आणि दोन-तीन दिवस कडक ऊन-वारा मिळाला की माल तयार. एक अवकाळी पाऊस आला की सगळा मांडव नासतो, त्याची बातमी आपण वाचतो आणि पान उलटतो.

जवळ्याचं मात्र तुमचं बरोबर आहे. तो टांगता येत नाही, जमिनीवरच पसरावा लागतो, चांगल्या ठिकाणी सारवलेलं खळं किंवा सिमेंटचा ओटा किंवा जाळी, वाईट ठिकाणी सरळ वाळू आणि रस्त्याची कड. युरोपने १९९७ साली बोंबलाची आयात बंद केली होती ती पण अशाच कारणाने, मान्यता असलेल्या कारखान्यातून माल येत नाही म्हणून, नंतर पॅकिंगची अट घालून वाट मोकळी झाली. केंद्र सरकारची मत्स्य तंत्रज्ञानाची संस्था आहे, मुख्य ऑफिस कोचीला आणि मुंबईचं संशोधन केंद्र आपल्या वाशीत, त्यांनी सोलर ड्रायर काढलेत, बंद पेटीत उन्हाच्या उष्णतेवर वाळवायचे. पण ज्या बाईचा रोजचा माल दहा टोपल्या आहे तिला एक पेटी काय पुरणार, आणि पेटीतल्या मालाचा जास्तीचा भाव आपण द्यायला तयार आहोत का? आपण तर वीस रुपयासाठी तिच्याशी भांडतो.

तुम्ही एवढं करा की जवळा जाळीवर किंवा ओट्यावर वाळवणारीकडून घ्या, ओळखीची एक धरून ठेवा. आणि काहीही झालं तरी आपण भाजतो, धुतो, उकळतो, कच्चं कोणी खात नाही.

जवळ्यात रेती लागते, दातात करकर. (डोंबिवली)

आधी बारीक चाळणीतून चाळा, मग कोरडा भाजा, भाजल्यावर रेती सुटते, परत चाळा. मग मोठ्या भांड्यात भरपूर पाण्यात टाकून वरचा जवळा हाताने उचलून घ्या. भांडं उपडं करून चाळणीत ओतलंत तर खाली बसलेली रेती परत त्यातच, बहुतेक जण इथेच चुकतात.

ताई, तुम्ही मार्चच्या अंकात लिहिलं होतं सुकट अर्धा तास गरम पाण्यात भिजवा. मी जवळा भिजवला. त्याचा लगदा झाला, नवऱ्याने विचारलं हे चटणी आहे का कणिक. (करावे गाव)

चूक माझी. सोडे लिहायचं होतं, सुकट लिहिलं, आणि तुमच्यासारखे अजून चार जण फसलेत, एकीने फोटो पण पाठवलाय. सोडे कडक असतात, त्यांना गरम पाण्यात पंधरा-वीस मिनिटं तरी द्यावी लागतात, अर्धा तास पण चालतो. बोंबलाला पाच-सात मिनिटं. जवळा भिजवायचाच नाही, वर सांगितलं तसा पाण्यातून उचलायचा, पिळायचा आणि सरळ परतलेल्या कांद्यावर टाकायचा. कांदा मात्र जवळ्याच्या दुप्पट घ्या, हळद, आगरी मसाला, कैरीच्या चार फोडी, झाकण पाच मिनिटं, पाणी अजिबात नाही. मिस्टरांना सांगा मार्चची कणिक माझ्या नावावर लावा. आणि उरलेला लगदा फेकला नसेल तर त्यात तांदळाचं पीठ, हिरवी मिरची, कोथिंबीर घालून तव्यावर छोट्या वड्या थापा, आमच्याकडे दोन वेळा असाच वाचवलाय.